"काकांचा डावा गुडघा ना?" – वैयक्तिक माहिती, हॉस्पिटल आणि कडक कायदा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी आणून एक रात्र पण उलटली नाही तोवर फोन सुरू. एकाला बेड भाड्याने द्यायचाय, दुसऱ्याला घरी येऊन फिजिओ करायचंय, आणि तिसऱ्याने तर थेट विचारलं "काकांचा डावा गुडघा ना?" आणि तुम्ही विचारताय की आपल्याकडे या प्रकाराला कडक कायदा का नाही, तो आणला तर हे थांबेल का.

मी वकील नाही. गेली २१ वर्षं माहिती सुरक्षेची ऑडिटं करतोय, हॉस्पिटलं, नागरी बँका, पतसंस्था, मधे काही वर्षं पुण्यातल्या आयटी कंपन्या. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकापेक्षा तो कायदा रिसेप्शनच्या काउंटरवर पोचल्यावर त्याचं काय होतं ते मला जास्त माहिती आहे, तेवढ्यापुरतंच ऐका.

तुमच्या हकिगतीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे "डावा". मोबाईल नंबर कुठूनही जातो हो, किराणा दुकानातून, मॉलच्या लकी ड्रॉमधून, गॅस एजन्सीतून. पण डावा गुडघा? ते फक्त मोजक्या ठिकाणी लिहिलेलं असतं. ऑपरेशन थिएटरची यादी, बिलिंग, विम्याचं डेस्क, इम्प्लांट पुरवणारा माणूस आणि डिस्चार्ज कार्ड. म्हणजे हॅकर वगैरे कुणी आलेला नाही, आतूनच कुणीतरी दिलंय.

एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात ऑडिटला गेलो होतो, नाव नाही सांगत. सर्व्हर रूमला अंगठ्याचं कुलूप, कॅमेरे, नवी कोरी फायरवॉल, मालक डॉक्टर फार कौतुकाने दाखवत होते. मी म्हटलं सर मला जरा तासभर रिसेप्शनला बसू द्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बिलिंगच्या मुलीने उद्याच्या डिस्चार्जची यादी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. नाव, वय, मोबाईल, ऑपरेशन कुठलं, खोली नंबर. का टाकते तर हाउसकीपिंगला खोल्या कधी रिकाम्या होणार ते कळावं म्हणून! ग्रुपमध्ये ४३ जण. त्यातले अकरा नोकरी सोडून गेलेले, दोघं अँब्युलन्सवाले, एक बाहेरच्या मेडिकलचा, आणि एक नंबर कुणाचा ते शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. खोली रिकामी होणार एवढं कळवायला खोली नंबर आणि वेळ पुरते की नाही? त्या मुलीला मी विचारलं तर ती म्हणाली सर मी जॉइन झाले तेव्हापासून असंच आहे. सर्व्हर रूमचं कुलूप मात्र खरंच भारी होतं.

आता कायद्याकडे येतो. कायदाच नाही असं नाहीये, आणि हे पहिल्यांदा डोक्यातून काढा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००५ मध्ये पुण्यातल्याच एका बीपीओच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांचं कॉल सेंटरसारखं काम करणाऱ्या कंपनीच्या पोरांनी अमेरिकेतल्या बँक ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम वळवली, तेव्हा बराच गाजावाजा झाला, परदेशी कंपन्या विचारायला लागल्या की तुमच्याकडे आमच्या डेटाला संरक्षण काय. २००८ च्या दुरुस्तीत मग कलम ४३अ आणि ७२अ आले. ४३अ म्हणजे कंपनीने तुमची संवेदनशील माहिती हलगर्जीपणाने सांभाळली आणि त्यातून तुमचं नुकसान झालं तर तिने तुम्हाला भरपाई द्यायची. ७२अ म्हणजे करारापोटी हाती आलेली माहिती कुणी पैशासाठी किंवा नुकसान करायला बाहेर दिली तर ३ वर्षांपर्यंत तुरुंग. आणि संवेदनशील माहिती कुठली याची यादी २०११ च्या नियमांत आहे, त्यात वैद्यकीय नोंदी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे तुमच्या वडिलांचा गुडघा २०११ पासून कायद्याने संवेदनशील आहे, हे हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

भरपाई कुठे मागायची? इथे बहुतेक लोक गोंधळतात. राज्याच्या आयटी सचिवाकडे. हो, खरंच. प्रत्येक राज्याचा आयटी सचिव हाच या कायद्याखालचा न्यायनिर्णय अधिकारी असतो, ५ कोटीपर्यंतचे दावे त्याच्यापुढे चालतात, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात. वकील असलाच पाहिजे असंही नाही. २०१३ मध्ये याच मार्गाने पुण्यातल्या एका उद्योजकाला फिशिंगच्या, म्हणजे फसव्या मेलने बँकेची माहिती काढून घेतल्याच्या प्रकरणात बँकेने ४५ लाख द्यावेत असा आदेश झाला होता. मी हे सेमिनारमध्ये सांगतो तेव्हा समोरचे बँकवाले पण नवलाने बघतात. ज्या दाराची पाटीच कुणी वाचलेली नाही ते दार असून नसल्यासारखं.

मग पुढचा प्रवास. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच सुमाराला न्या. श्रीकृष्ण यांची समिती नेमली, हेच ते मुंबई दंगलींच्या चौकशीवाले श्रीकृष्ण, त्यांनी २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. २०१९ ला विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं, २०२२ ला सरकारने मागे घेतलं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुसरंच, बरंच छोटं विधेयक पास झालं, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, त्यातही मुख्य तरतुदी अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ ला लागू. माझी पुतणी सुप्रीम कोर्टाचा तो निकाल लागला त्या वर्षी पहिलीत गेली होती. कायदा पूर्ण लागू होईल तेव्हा ती दहावीच्या निकालाची वाट बघत असेल.

हा नवा कायदा कडक आहे का? दंडाचा आकडा बघितला तर आहेच. सुरक्षेची नीट व्यवस्था नसेल तर २५० कोटींपर्यंत, माहिती फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. आमच्या धंद्यात या आकड्याने मोठी हालचाल झाली हे कबूल केलं पाहिजे, ज्या कंपन्या दहा वर्षं माझे रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकायच्या त्या आता स्वतःहून फोन करतात. आणि मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला पण विनाविलंब सांगायचं. आत्तापर्यंत तसं नव्हतं. २०२२ पासून सरकारी सायबर यंत्रणेला ६ तासांत कळवायचा नियम आहे, पण ग्राहकाला? मी अशा मीटिंगमध्ये बसलोय जिथे पहिला प्रश्न "गळती बंद झाली का" नसून "लोकांना सांगायलाच पाहिजे का" हा होता, आणि सांगायला नको हे कळल्यावर टेबलाभोवती सगळ्यांचे खांदे सैल झाले होते, माझ्यासकट खरं सांगायचं तर.

पण ताई, तुमच्या बाजूने बघा. तो २५० कोटींचा दंड कुणाला मिळणार? सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याला या कायद्यात एक रुपया मागायची सोय नाही. एवढंच असतं तर म्हटलं असतं जाऊ द्या, जुना ४३अ आहे की. तर नवा कायदा लागू होताना तो ४३अ काढूनच टाकला जाणार आहे, तशी तरतूद याच कायद्याच्या शेवटी आहे. म्हणजे मंत्रालयातलं ते एक दार, ज्याची पाटी कुणी वाचली नव्हती, ते पण मे २०२७ पासून बंद. युरोपात २०१८ पासून जो कायदा आहे त्यात कंपनीला जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड आहेच, पण ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागायचा हक्क वेगळा लिहिलेला आहे. आपण दंडाचा भाग उचलला आणि भरपाईचा सोडला.

वर आणखी एक गंमत. नव्या कायद्यात नागरिकाची पण कर्तव्यं लिहिली आहेत, त्यात खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करायची नाही असं आहे, आणि कर्तव्य मोडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार क्षुल्लक की गंभीर हे कोण ठरवणार तर या कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ. तुमच्या "डावा गुडघा" फोनला एखादा मेंबर क्षुल्लक म्हणू शकतो की नाही? कदाचित नाही म्हणणार. पण गावाकडच्या माणसाला वकिलाने हे कलम वाचून दाखवलं की तो तिथूनच परत फिरेल.

आणि ते मंडळ म्हणजे चार सदस्य. अख्ख्या देशाला. नेमणूक केंद्र सरकारची, मुदत दोन वर्षांची, पुन्हा नेमता येतं. आता ज्याची पुनर्नियुक्ती सरकारच्या हातात तो सरकारी खात्याने आधार नंबरांची यादी वेबसाईटवर टाकली तर खात्याला किती झापेल हे तुम्हीच ठरवा. शिवाय आधी कंपनीकडे तक्रार करायची, तिला उत्तर द्यायला ९० दिवसांपर्यंत मुदत, मग मंडळ.

सरकारचा विषय निघालाच आहे तर हे माझ्या मते कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकतं, सरळ अधिसूचना काढून. २०१९ च्या मसुद्यात अशी सूट आली तेव्हा खुद्द श्रीकृष्णांनी जाहीर टीका केली होती. आणि आपल्या देशात माहितीचा सगळ्यात मोठा साठा कुणाकडे आहे? कुठल्या अ‍ॅपकडे नाही. आधार, रेशन, सातबारा, मतदार यादी, शाळेचा दाखला, सगळं सरकारकडे. जमिनीच्या खरेदीखतावर अंगठे असतात ना, काही राज्यांत नोंदणी खात्याच्या साईटवरून ती खतं उतरवून, त्यावरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवून लोकांच्या खात्यातून आधारवर पैसे काढल्याच्या केसेस झाल्या आहेत, आंध्र, तेलंगण, हरियाणा अशा ठिकाणी. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? म्हणून सगळ्यांना सांगतो, आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडा.

एक गोष्ट मात्र सरकारच्या बाजूने पण बोलतो नाहीतर एकांगी होईल. लाडकी बहीण योजनेच्या वेळी २०२४ मध्ये आमच्या भागात महा ई-सेवा केंद्राबाहेर रांगा होत्या, आधार, रेशन कार्ड, पासबुकची झेरॉक्स, सगळं घेऊन बायका उभ्या. एवढ्या घाईत एवढ्या लोकांना पैसे पोचवायचे तर माहिती घ्यावीच लागते, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न नंतरचा आहे. त्या झेरॉक्सचं पुढे काय झालं? प्रिंटसाठी केंद्रवाल्याच्या खाजगी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले पासबुकचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये अजून आहेत ना? झेरॉक्सचं दुकान, हॉटेलचं रिसेप्शन, सगळीकडे हेच. हॉटेलात तर मुलगा स्वतःच्या मोबाईलवर आधारचा फोटो काढतो आणि संध्याकाळी घरी जातो तो मोबाईल घेऊनच.

आणि इथे कायदा आणखी एकदा हात वर करतो. नावातच "डिजिटल" आहे. कागदावरची माहिती कागदावरच राहिली, स्कॅन झाली नाही, कॉम्प्युटरमध्ये चढली नाही तर ती या कायद्यात येतच नाही. सोसायटीच्या गेटवरची वही, ज्यात तुमचा नंबर, फ्लॅट नंबर, कुणाकडे आलात, सगळं, आणि पुढचा माणूस मागची पानं निवांत चाळतो, ती बाहेर. मला एकदा स्टेशनजवळ शेंगदाणे ज्या कागदात मिळाले तो कुणाचा तरी सिमकार्डचा अर्ज होता, फोटोसकट. शेंगदाणे खाल्ले आणि पुडी घरी आणून फाडली, दुसरं काय करणार. २०२२ च्या मे मध्ये आधारवाल्यांनीच पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. लोक घाबरतील म्हणून दोन दिवसांत मागे घेतलं. सल्ला बरोबर होता! मास्क्ड आधार अजून डाउनलोड करता येतं, तेच द्या.

अजून एक खटकलेलं, नवीन कायद्यात "संवेदनशील माहिती" अशी वेगळी वर्गवारीच नाही. श्रीकृष्णांच्या मसुद्यात होती, २०११ च्या नियमांत आहे, इथे गाळली. दंड ठरवताना माहितीचं स्वरूप बघतील असं लिहिलंय, ठीक, पण सांभाळायची जबाबदारी मात्र पिझ्झाच्या ऑर्डरला आणि बायोप्सीच्या रिपोर्टला एकाच मापाची.

माहिती अधिकाराबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण महाराष्ट्रात २००२ मध्येच आपण तो कायदा उपोषणं करून मिळवला होता, देशाच्या आधी तीन वर्षं. नव्या डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी असं होतं की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा विनाकारण खाजगीपणात घुसखोरी होत असेल तर नाकारा, पण व्यापक जनहित असेल तर द्या. आता नुसतं "वैयक्तिक माहिती" म्हटलं की नाकारता येते. जनहिताचं दुसरं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ग्रामपंचायतीतला माहिती अधिकारी तिथपर्यंत वाचेल असं मला वाटत नाही, त्याला नाही म्हणायला एक सोपं वाक्य मिळालं. आणि लक्षात घ्या, कंपन्यांवरची बंधनं १८ महिन्यांनी, हा बदल मात्र नोव्हेंबर २०२५ पासून लगेच लागू. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचं नाव शोधणाऱ्याला उद्या उत्तर मिळेल की ही त्या व्यक्तीची खाजगी माहिती आहे.

तर कडक कायदा हवा का याला माझं उत्तर हो, पण कडक कुठे करायचा ते नीट बघून. आकडा २५० चा ५०० कोटी करून तुमच्या वडिलांना काही उपयोग नाही. ४३अ सारखी भरपाई ठेवा, जिल्ह्याच्या ठिकाणी मागता येईल अशी, ग्राहक आयोगासारखी. सरकारला सूट द्यायची तर कोर्टाच्या किंवा निदान एखाद्या स्वतंत्र माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. आणि वैद्यकीय माहितीला वेगळं कुलूप लावा. बाकी दुकानदाराने बिलासाठी मोबाईल नंबर सक्तीने मागू नये असं ग्राहक खात्याने २०२३ मध्येच सांगितलंय, ते कुणी पाळतं का? मी दुकानात नंबर देत नाही तर मागच्या रांगेतले लोकच माझ्यावर वैतागतात.

आता तुम्ही काय करायचं. फोनवाल्यांशी भांडू नका, गोड बोलून विचारा की नंबर कुठून मिळाला, एखादा सांगून टाकतो, त्याचं नाव, नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा, कॉलचे स्क्रीनशॉट ठेवा. नको असलेल्या कॉलच्या तक्रारीचा नंबर १९०९, त्यावर त्या नंबरांची तक्रार टाका. पैशाचा काही व्यवहार झाला, ओटीपी गेला असं काही असेल तर मात्र वहीबिही बाजूला ठेवून आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. डॉक्टरांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी आहेच, पण ते डॉक्टरला, वॉर्डबॉयला नाही, त्यामुळे पत्र डॉक्टरांच्या नावाने नको, हॉस्पिटलच्या प्रशासनाच्या नावाने लिहा. त्यात चिडचिड नको, फक्त प्रश्न. वडिलांची कुठली माहिती तुमच्याकडे आहे, ती बाहेर कुणाकुणाला दिली, डिस्चार्जची यादी कुठे कुठे जाते, आणि यापुढे काय करणार. खाली कलम ७२अ आणि, अजून जिवंत आहे तोवर, ४३अ यांचा उल्लेख करा. प्रत्यक्ष आर्थिक नुकसान दाखवता आलं नाही तर भरपाईची केस उभी राहणं अवघड आहे हे खरं सांगतो, उगीच आशा लावत नाही. पण माझा अनुभव असा की कलमाचा आकडा असलेलं पत्र आलं की प्रशासन पहिल्यांदा तो ग्रुप कुठला ते शोधायला लागतं.

मेल करा पण तेवढ्यावर राहू नका, पत्राच्या दोन प्रती घेऊन स्वतः जा, एक द्या आणि दुसरीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेऊनच या. काउंटरवरचा म्हणेल "ठेवून जा, सरांना देतो". नाही ठेवायची.